क्षयरोगातील सायटोकाइन्स

पेशी एकमेकींना निरोप धाडण्यासाठी जी छोटी प्रथिने सोडतात, त्यांना सायटोकाइन्स म्हणतात. क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरला की तो कोंडला जाणार की पसरणार, हे बरेचसे या निरोपांवर ठरते. जंतूची लागण झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. बाकीच्यांच्या शरीरात ही निरोपांची ये-जा गुपचूप चालू असते.

हा निरोप बोटाने चाचपताही येतो. नागपूरकर ज्यांना नुसते ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ म्हणतात, त्या सरकारी रुग्णालयांत वर्षानुवर्षे होत आलेली मॉन्टू चाचणी, म्हणजे क्षयाची लागण तपासणारी कातडीवरची चाचणी, आठवावी. हाताच्या आतल्या बाजूला, कातडीच्या वरच्या थरात ट्युबरक्युलिनचे, म्हणजे क्षयजंतूच्या प्रथिनांच्या अर्काचे, ०.१ मिलिलिटर टोचतात. मटकीएवढा पांढुरका फुगवटा येतो आणि थोड्या वेळात जिरतो. ४८ ते ७२ तासांनी पेशंट परत येतो. तेव्हा बॉलपेन कातडीवरून हळूहळू सरकवतात, ते जिथे अडते तिथे खूण करतात आणि पट्टी लावतात. लाली मोजायची नसते, मोजायचा असतो तो कडकपणा. जंतूची ओळख असलेल्या टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तिथे जमतात, इंटरफेरॉन गॅमा नावाचे सायटोकाइन सोडतात, त्या हाकेला आणखी पेशी धावून येतात, आणि ही गर्दीच हाताला कडक लागते. गर्दी जमायला दोन दिवस लागतात, म्हणून घाईने वाचलेला निकाल फसवतो. बीसीजी लस घेतलेल्यांतही गाठ उठू शकते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

फुप्फुसात हेच नाट्य जास्त गंभीरपणे घडते. मॅक्रोफेज ही भक्षक पेशी जंतूला गिळते, पण जंतू मोठा चिवट. पेशीच्या ज्या पिशवीत तो अडकतो, तिच्यात पाचक रसांची पिशवी मिसळूच देत नाही आणि आतच वाढतो. दरम्यान, जंतू पाहिलेल्या पेशी इंटरल्युकिन-१२ सोडून लसीका ग्रंथींतल्या टी पेशींना तयार करतात. यात काही आठवडे जातात. तयार टी पेशी फुप्फुसात येऊन इंटरफेरॉन गॅमा सोडतात. तो पोचला की मॅक्रोफेजमध्ये बळ येते : अडलेल्या पिशव्या मिसळतात आणि जंतूची कोंडी होते. या निरोपाचे मोल किती, हे १९९६ मध्ये कळले. इंटरफेरॉन गॅमाचा निरोप घेणारा ग्राही जन्मतःच सदोष असलेल्या मुलांत एरवी निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियाही (क्षयजंतूचे भाऊबंद) जिवावर बेतत होते.

टीएनएफ हे दुसरे महत्त्वाचे सायटोकाइन. जंतूभोवती पेशींची जी भिंत उभी राहते, ती ग्रॅन्युलोमा नावाची गाठ याच्या आधाराने टिकते. संधिवातासाठी टीएनएफ रोखणारी औषधे आली आणि काही रुग्णांत दबलेला क्षय उफाळला. २००१ पासून याच्या नोंदी आहेत. म्हणून असे इंजेक्शन सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी केलीच पाहिजे. पण हाच टीएनएफ बेसुमार झाला की भूक मरते, अंग झडते, ऊती गळतात. त्याला लगाम घालायला इंटरल्युकिन-१० असते; तो लगाम फार आवळला तर जंतूचे फावते.

मापाचा हा प्रश्न मेंदूच्या क्षयात सर्वांत तीव्र होतो. कवटीच्या आत सुजेला जागाच नसते, म्हणून जंतुनाशकांबरोबर डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारे स्टेरॉइड देऊन निरोपांचा गोंगाट कमी करतात आणि त्याने काही जीव वाचतात. नागपूरच्या बजाजनगरातील सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसने मणक्यातील पाण्यावरून या रोगाचे निदान कसे करता येईल, यावर बरेच संशोधन केले आहे.

नागपूरच्या परिसरात आणखी एक धागा आहे. उमरेड, कामठी, सावनेरकडे कोळशाच्या खाणी, रामटेकच्या बाजूला मनसर-कांद्रीला मॅंगनीज. दगड फोडताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असू शकते. ती गिळून मॅक्रोफेज मरतात. अशा फुप्फुसात निरोप सुटतो, पण तो घ्यायला धड पेशीच उरत नाही. सिलिकोसिस (या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) झालेल्यांना क्षयाचा धोका कितीतरी वाढतो तो यामुळेही. म्हणून खोकला घेऊन आलेल्या माणसाला ‘काम कुठे करता?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.