घेटुळी: नाव एक, झाडं दोन

पहिला पाऊस झाला की नाशिकच्या आसपास पडीक रानात, रस्त्याकडेला, द्राक्षबागांच्या बांधावर घेटुळी जमिनीला चिकटून पसरते. उन्हाळ्यात वरचा पाला वाळून जातो, मुळी मात्र जिवंत राहते आणि पावसात तिलाच पुन्हा कोंब येतात. ‘पुनर्नवा’ आणि ‘वर्षाभू’ ही संस्कृत नावं त्यावरूनच पडली. ‘शोथघ्नी’ हे तिसरं नाव कामावरून: सूज उतरवणारी.

आज हिची ओळख लघवी साफ करणारी अशी आहे. गंमत म्हणजे चरकसंहितेतल्या मूत्रविरेचनीय, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या, दहा द्रव्यांत ती नाही. ती सापडते स्वेदोपग (घाम आणायला मदत करणारी), अनुवासनोपग (तेलाच्या बस्तीला मदत करणारी), कासहर (खोकला घालवणारी) आणि वयःस्थापन (तारुण्य टिकवणारी) या गणांत. यकृताशी तिचा संबंध दिसतो तो पांडुरोगाच्या, म्हणजे अंग फिकट-पिवळं पडण्याच्या रोगाच्या, अध्यायात, पुनर्नवामंडूर या कल्पात, म्हणजे तयार औषधात. नावावरून हा पाल्याचा कल्प वाटतो, पण त्यात सगळ्या वनस्पतींच्या चूर्णांच्या दुप्पट मंडूर, म्हणजे लोहाचं कीट, गोमूत्रात शिजवून घालतात. तेव्हा ‘झाडपाल्याचंच तर आहे’ म्हणून मनाने घ्यायची ही गोळी नव्हे.

पुढे पुनर्नवाष्टक काढा रूढ झाला. त्यात पुनर्नवा, कडुनिंब, पटोल (कडू पडवळ), सुंठ, कुटकी, गुळवेल, दारुहळद आणि हरडा अशी आठ द्रव्यं येतात. सर्वांगाची सूज, उदर (पोटात पाणी साठणं) आणि पांडू यांवर तो सांगितला आहे. शारङ्गधर या जुन्या ग्रंथकाराच्या मापाने भरड चूर्णात सोळापट पाणी घालून अष्टमांश उरवायचं. म्हणजे १० ग्रॅम भरडीला १६० मिली पाणी, उरतं २० मिली. झाकण न ठेवता मंद आचेवर आटवावा. घाईत मोठी आच दिली तर पाणी उडून जातं आणि अर्क भरडीतच राहतो. कुटकी जास्त झाली की जुलाब ठरलेलेच.

घोळ आहे तो नावात. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात पांढरी आणि तांबडी अशा दोन पुनर्नवा आहेत. तांबडी म्हणजे आपली घेटुळी. १७५३ मध्ये लिनिअसने तिला बोअरहाविया डिफ्यूजा हे नाव दिलं; हरमान बोअरहावे हा लायडनचा नामांकित वैद्य. पांढरी म्हणून बाजारात बहुतेकदा येतो तो खापरा, ट्रायन्थेमा. तो वेगळ्याच कुळातला.

ओळख पटवायला पानांची जोडी उलटून पाहावी. घेटुळीची समोरासमोरची दोन पानं एक मोठं, एक लहान असतात, खालची बाजू फिकट पांढुरकी आणि कडा थोडी लहरदार. गुलाबी फुलं टाचणीच्या डोक्याएवढी, लांब देठावर. बी चिकट असतं, धोतराला आणि शेळीच्या केसांना लागतं. खापऱ्याचं पान मांसल, फूल पानाच्या बगलेत एकटं बसलेलं, बी काळं. त्यात ऑक्झलेटही बरंच असतं, त्यामुळे मुतखडा असलेल्याला ‘पुनर्नवा’ म्हणून तेच गेलं तर उलटच काम होतं.

१९२० च्या दशकात कलकत्त्यात औषधशास्त्रज्ञ रा. ना. चोप्रा आणि सहकाऱ्यांनी हिची तपासणी केली. लघवी वाढण्यामागे त्यांना पोटॅशियमचे क्षार महत्त्वाचे वाटले. आजचा इशाराही इथेच आहे: मूत्रपिंड निकामी असेल किंवा पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी चालू असेल तर घेटुळी घेऊ नये. पायावरची सूज हृदयाची, यकृताची की मूत्रपिंडाची हे आधी तपासायचं, काढा नंतर.

गोळा करताना बागेचा बांध टाळावा. तणनाशकाचा फवारा तिथेच पडतो. पाला पावसाळ्यात कोवळा असताना भाजीला घ्यावा. मुळी पाऊस ओसरल्यावर खुरप्याने खोल खणून काढावी, उपटली तर वरचा तुकडाच हाती येतो. धुऊन अर्ध्या बोटाएवढे काप करून सावलीत वाळवावे. अख्खी ठेवली तर वरून वाळलेली दिसते आणि आतून बुरशी धरते. काप मोडताना कडक आवाज आला तरच डब्यात भरावा.