ताणशामक नैसर्गिक खाद्यपूरके (मत्स्यसंवर्धन)

पाळलेल्या माशांना ताण सोसता यावा म्हणून त्यांच्या रोजच्या खाद्यात अल्प प्रमाणात मिसळले जाणारे घटक. लसूण, हळद, तुळस, अश्वगंधा, यीस्टमधील बीटा-ग्लुकन, क जीवनसत्त्व आणि ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो अम्ल ही त्यांतील परिचित नावे. यूरोपीय संघाने २००६ पासून पशुखाद्यात वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यास बंदी घातल्यावर अशा पर्यायांकडे लक्ष वाढले.

तळ्यात दाटी झाली, पहाटे पाण्यातला ऑक्सिजन उतरला किंवा जाळे ओढून मासे हाताळले, की त्यांच्या रक्तात ॲड्रेनॅलीन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके वाढतात. माणसात ही संप्रेरके स्रवणारी अधिवृक्क ग्रंथी माशाला वेगळी नसते; कॉर्टिसॉल वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) पुढच्या भागातील पेशींत तयार होते. रक्तातली साखर चढते व निसटून जायला बळ मिळते. हाच ताण लांबला तर मात्र भूक मरते, वाढ खुंटते, प्रतिकारशक्ती ढासळते आणि तळ्यात एरवीही असणारा एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू अंगावर व्रण पाडतो.

ट्रिप्टोफॅनपासून मेंदूत सेरोटोनिन हे ताण शमवण्यास मदत करणारे रसायन बनते. मेंदूत शिरताना ट्रिप्टोफॅनला इतर ॲमिनो अम्लांशी चढाओढ करावी लागते, म्हणून खाद्यातील त्याचा वाटा मुद्दाम वाढवतात. मुंबईतील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या संशोधकांनी मृगळ या गोड्या पाण्यातील माशाच्या बोटुकल्यांवर (बोटाएवढ्या पिलांवर) हे तपासले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार असे खाद्य मिळालेल्या बोटुकल्यांत दाटीचा ताण कमी होता आणि वाढही चांगली होती.

वनस्पती वापरताना कृतीला फार महत्त्व आहे. लसणातील ॲलिसिन पाकळी ठेचल्यावर तयार होते आणि उष्णतेने नष्ट होते. त्यामुळे ठेचलेला लसूण थोड्या तेलात कालवून तयार गोळीखाद्याला चोळणे आणि सावलीत सुकवणे बरे. हळदीतील कुर्क्युमिनही पाण्यापेक्षा तेलात चांगले मिसळते. नैसर्गिक म्हणून कितीही घातले तरी चालते, हा समज घातक आहे. उग्र वासाचे खाद्य मासे टाळतात आणि न खाल्लेले खाद्य कुजून पाणीच बिघडवते. आधीच घाण झालेल्या पाण्यावर तर ही पूरके उपाय नव्हेतच. तिथे आधी पाणी बदलणे, वायुवीजन करणे (पाण्यात हवा खेळवणे) आणि दाटी कमी करणे आवश्यक असते.

ताण आल्यावर मासे खातच नाहीत, म्हणून पूरके आधीपासून द्यावी लागतात. बोटुकल्या ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून पाठवण्यापूर्वी त्यांना उपाशी ठेवतात, म्हणजे पिशवीतले पाणी विष्ठेने खराब होत नाही. तेव्हा वाहतुकीसाठी द्यायचे पूरक त्याआधीच्या आठवड्यांतच खाद्यातून जायला हवे.