मनिलाचा करार, बँकॉकची सही: आसियानची पार्श्वभूमी

जुलै 2025 मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर पाच दिवस तोफा धडधडत होत्या. थायलंडने एफ-16 विमाने वापरली, कंबोडियाने रॉकेटे डागली. तीसहून अधिक माणसे मेली, लाखो लोकांना घरदार सोडून निघावे लागले. दोन्ही देश आसियानचे, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेचे, सदस्य. शस्त्रसंधीची बोलणी 28 जुलैला मलेशियातल्या पुत्रजया येथे झाली. त्या वर्षी आसियानचे अध्यक्षपद मलेशियाकडे होते आणि पंतप्रधान अन्वर इब्राहिम मध्यस्थ होते. डिसेंबरमध्ये लढाई पुन्हा पेटली.

तेव्हापासून विचारले जाते आहे की, सदस्यांनाच एकमेकांवर बॉम्ब टाकण्यापासून रोखता येत नसेल तर ही संघटना हवी कशाला? प्रश्नामागची चीड मला समजते. पण त्यात आसियानला नकळत नाटोच्या मापाने मोजले जाते. आसियान ही लष्करी युती कधीच नव्हती. तशी ती होऊ नये हे तिच्या संस्थापकांनी समजून-उमजून ठरवले होते, कारण आग्नेय आशियात लष्करी युतीचा प्रयोग त्यांच्या डोळ्यांदेखत होऊन फसत चालला होता. त्या प्रयोगाचे नाव सीटो, म्हणजे आग्नेय आशिया करार संघटना.

मे 1954 मध्ये दिएन बिएन फू येथे फ्रेंच सैन्याने व्हिएतनामींपुढे शरणागती पत्करली. जुलैमध्ये जिनिव्हा परिषदेत व्हिएतनामची तात्पुरती फाळणी झाली. कम्युनिझम आता एकेक देश गिळत दक्षिणेकडे सरकणार, अशी अमेरिकेची खात्री झाली आणि 8 सप्टेंबर 1954 रोजी मनिलात आग्नेय आशिया संरक्षण करारावर सह्या झाल्या. सही करणारे देश आठ: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि थायलंड. म्हणजे आग्नेय आशियाच्या नावाने झालेल्या करारात आग्नेय आशियातले देश दोनच! भारत, ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि श्रीलंका दूर राहिले. नेहरूंचा आक्षेप होता की असे करार महासत्तांचे भांडण आपल्या दारात आणून ठेवतात. पाकिस्तानला तर कम्युनिझमपेक्षा भारताविरुद्ध पाठीराखा हवा होता, आणि हे अमेरिकेलाही ठाऊक होते. म्हणूनच तिने करारालाच पुस्ती जोडली की आपली बांधिलकी कम्युनिस्ट आक्रमणापुरती आहे. 1965 आणि 1971 च्या युद्धांत सीटो पाकिस्तानच्या मदतीला आली नाही, त्याचे मूळ या पुस्तीत आहे.

करारातली भाषाही सैल होती. संकट आले तर प्रत्येक सदस्याने आपापल्या घटनात्मक पद्धतीनुसार पावले उचलावीत, एवढेच. सीटोचे स्वतःचे सैन्य नव्हते. लाओसमध्ये यादवी पेटली तेव्हा फ्रान्स आणि ब्रिटन लष्करी कारवाईला राजी होईनात आणि शेजारचा थायलंड हवालदिल झाला. अखेर मार्च 1962 मध्ये थायलंडचे परराष्ट्रमंत्री थानात खोमान यांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांच्याकडून संयुक्त निवेदनात लिहून घेतले की बाकीचे सदस्य आले नाहीत तरी अमेरिका एकटी जबाबदारी पाळील. ज्या युतीचे मुख्यालय बँकॉकमध्ये होते, तिच्यावर बँकॉकचाच भरवसा उरला नव्हता.

ग्लेन स्नायडर या अभ्यासकाने 1984 मध्ये युतीतल्या या पेचाची मांडणी केली. युतीत शिरलेल्या देशाला दोन भीती एकाच वेळी छळतात: ऐनवेळी दोस्त सोडून जाईल ही एक, आणि दोस्ताच्या युद्धात आपण फरफटत जाऊ ही दुसरी. एक कमी करायला जावे तर दुसरी वाढते. सीटोत थायलंड आणि पाकिस्तानला पहिली भीती होती, ब्रिटन आणि फ्रान्सला दुसरी. माझ्या मते यामागे आणखी साधे कारण होते. आठही सदस्य एकाच शत्रूला घाबरत नव्हते. भीतीच वेगवेगळी असेल तर वचन कितीही ठळक अक्षरांत लिहा, वेळेला ते उपयोगी पडत नाही. बांगलादेश युद्धानंतर पाकिस्तान बाहेर पडला आणि 30 जून 1977 रोजी सीटोचा गाशा गुंडाळला गेला.

आसियानची जन्मकथा वेगळी आहे, कारण तिच्या संस्थापकांना सर्वांत जवळचे भय एकमेकांचेच होते.

1963 मध्ये मलाया, सिंगापूर, सबाह आणि सारावाक मिळून मलेशिया झाला. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्णो यांना तो ब्रिटिशांचा डाव वाटला. त्यांनी ‘कोन्फ्रोंतासी’ पुकारली, म्हणजे जाहीर न केलेले युद्ध: बोर्निओच्या जंगलात चकमकी, मलाया द्वीपकल्पावर छत्रीधारी सैनिक, शहरांत घातपात. फिलिपिन्सने सबाहवर हक्क सांगितला. 9 ऑगस्ट 1965 रोजी सिंगापूर मलेशियातून बाहेर पडले, तेही कडवटपणाने. 1961 मध्ये मलाया, फिलिपिन्स आणि थायलंड यांनी ‘आसा’ नावाची एक संघटना काढली होती, ती सबाहच्या वादात निपचित पडली. 1963 मध्ये मलाया, फिलिपिन्स आणि इंडोनेशियाची ‘माफिलिंदो’ निघाली, ती काही महिनेही टिकली नाही.

जकार्तात सत्ता सुकार्णोंकडून सुहार्तो यांच्याकडे गेली तेव्हा दिशा बदलली. 1966 मध्ये इंडोनेशिया-मलेशिया समेटाची बोलणी बँकॉकमध्ये झाली आणि तिथेच नव्या संघटनेची कल्पना पुढे आली. ऑगस्ट 1967 मध्ये थानात खोमान यांनी पाहुण्यांना आधी बांग सेन या समुद्रकिनाऱ्यावरच्या गावी नेले. गोल्फ, जेवणे, मोकळ्या गप्पा आणि त्यातच मसुद्यावर घासाघीस. मग 8 ऑगस्टला बँकॉकमध्ये सह्या झाल्या: इंडोनेशियाचे आदम मलिक, मलेशियाचे तुन अब्दुल रझाक, फिलिपिन्सचे नार्सिसो रामोस, सिंगापूरचे एस. राजरत्नम आणि स्वतः थानात. सीटोचा अनुभव पदरी असलेला हा मुत्सद्दी आता अगदी वेगळ्या कागदावर सही करत होता.

बँकॉकचा जाहीरनामा दोन पानांत मावतो. त्यात आर्थिक वाढ, समाज, संस्कृती, शिक्षण, व्यापार असे विषय आहेत. परस्पर संरक्षणाचे वचन कुठेही नाही. प्रस्तावनेत परकीय लष्करी तळ तात्पुरते आहेत एवढे म्हटले आहे, आणि ते इंडोनेशियाच्या आग्रहाने. सुरक्षेचा विषय सगळ्यांच्या मनात होता, तरीही तो कागदावर आणायचा नाही हे ठरले होते. कागदावर आणला असता तर नेमका कोणापासून बचाव करायचा हे लिहावे लागले असते, आणि टेबलाभोवतीच्या पाचांपैकी काहींना ते उत्तर तोंडावर सांगणे अवघड गेले असते.

पुढच्याच वर्षी कसोटी लागली. मार्च 1965 मध्ये सिंगापूरच्या मॅकडोनाल्ड हाऊस या इमारतीत बॉम्बस्फोट होऊन तीन जण मेले होते. त्याबद्दल उस्मान आणि हारून या इंडोनेशियाच्या दोन नौसैनिकांना फाशीची शिक्षा झाली. सुहार्तोंनी दयेची विनंती केली, सिंगापूरने ती नाकारली आणि ऑक्टोबर 1968 मध्ये दोघे फासावर गेले. जकार्तात जमावाने सिंगापूरच्या वकिलातीची मोडतोड केली. त्याच सुमारास सबाहवरून मलेशिया-फिलिपिन्स संबंध तुटले. वर्षभराची आसियान तिथेच संपली असती तर कोणाला नवल वाटले नसते. पण इंडोनेशियाने युद्धाची भाषा टाळली. मे 1973 मध्ये सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू जकार्ताला गेले आणि कालिबाता स्मशानभूमीत त्या दोघांच्या थडग्यांवर त्यांनी फुले वाहिली. ज्यांनी आपल्या शहरात बॉम्ब ठेवला, ज्यांना आपणच फाशी दिले, त्यांच्या थडग्यांवर. आसियान म्हणजे काय हे मला जाहीरनाम्यापेक्षा या एका कृतीतून अधिक कळते. जखम मात्र बुजलेली नाही. 2014 मध्ये इंडोनेशियाने एका युद्धनौकेला त्या दोघांचे नाव दिले आणि सिंगापूरने जाहीर आक्षेप घेतला.

एप्रिल 1975 मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडली आणि आसियान खडबडून जागी झाली. फेब्रुवारी 1976 मध्ये बालीत तिची पहिली शिखर परिषद झाली. तिथल्या मैत्री व सहकार्य करारात सार्वभौमत्वाचा आदर, अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे, बळाचा वापर वर्ज्य मानणे ही सूत्रे आली. तंटे सोडवण्यासाठी उच्च परिषदेची तरतूदही झाली, पण तिच्यापुढे आजवर एकही तंटा गेलेला नाही. सिपादान आणि लिगितान बेटांचा वाद इंडोनेशिया आणि मलेशियाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला आणि 2002 चा निकाल मान्य केला. घरच्या पंचापेक्षा परका न्यायाधीश बरा, असा हा व्यवहार.

डिसेंबर 1978 मध्ये व्हिएतनामी सैन्य कंबोडियात शिरले. आसियानकडे सैन्य नव्हते, पण संयुक्त राष्ट्रांत तिने कंबोडियाचा प्रश्न 1991 च्या पॅरिस करारापर्यंत जिवंत ठेवला. हे करताना व्हिएतनामने हटवलेल्या ख्मेर रूज या खुनी राजवटीच्या प्रतिनिधींची खुर्ची राखायला तिने हातभार लावला, हा डाग तिच्या नावावर आहे. भारताने जुलै 1980 मध्ये व्हिएतनामच्या पाठिंब्यावर आलेल्या हेंग सामरिन सरकारला मान्यता दिली आणि आसियानशी आपले संबंध दशकभर गारठले. त्या वेळी परराष्ट्रमंत्री होते पी. व्ही. नरसिंह राव. पुढे रामटेकमधून लोकसभेवर गेलेल्या याच रावांनी पंतप्रधान म्हणून ‘पूर्वेकडे पाहा’ धोरण आखले आणि 1992 मध्ये भारत आसियानचा ठरावीक विषयांपुरता संवाद-भागीदार झाला. व्हिएतनाम 1995 मध्ये आसियानचाच सदस्य झाला.

आता अभ्यासकांच्या वादाकडे. कार्ल डॉइच यांनी 1957 मध्ये ‘सुरक्षा समुदाय’ ही कल्पना मांडली: ज्या देशांना आपापसांतले तंटे लढाईने सुटणार नाहीत याची खरोखर खात्री वाटते, त्यांचा समूह. डोळ्यांपुढे उत्तर अटलांटिकचे देश होते. ओडिशात वाढलेल्या अमिताव आचार्य यांनी हीच कल्पना आसियानला लावून पाहिली. सल्लामसलत, एकमत, दुसऱ्याची मान खाली जाऊ न देणे अशा सवयींतूनही शांतता घडू शकते, असे त्यांचे म्हणणे. मायकेल लायफर यांना हे पटत नसे. आसियानच्या गप्पांना आधार आहे तो अमेरिकी आरमाराच्या सावलीचा आणि महासत्तांच्या समतोलाचा, असे ते सांगत. 2012 मध्ये नोम पेन्ह येथे दक्षिण चिनी समुद्रावरून परराष्ट्रमंत्र्यांचे संयुक्त निवेदनच निघाले नाही, आसियानच्या इतिहासात प्रथमच. तेव्हा लायफर यांचे पारडे जड वाटले होते. बलाढ्य परक्यापुढे आसियान तोकडी पडते हे मीही मान्य करतो. पण मूळच्या पाच देशांत 1967 नंतर एकही युद्ध झालेले नाही, आणि त्याआधीची चार वर्षे आठवली की हे लहान वाटत नाही. थायलंड-कंबोडियाची गोष्ट निराळी. कंबोडिया 1999 मध्ये आला. बांग सेनच्या किनाऱ्यावर तो नव्हता, आणि दोघांच्या सीमेवरच्या प्रेह विहार मंदिराचा वाद आसियानहून जुना आहे. हेगचा पहिला निकाल 1962 चा.

26 ऑक्टोबर 2025 रोजी क्वालालंपूरमध्ये थायलंड आणि कंबोडियाने शांततेच्या घोषणापत्रावर सह्या केल्या. सहा आठवड्यांत ते मोडले. त्याच शहरात त्याच दिवशी पूर्व तिमोर आसियानचा 11 वा सदस्य झाला. 1975 मध्ये इंडोनेशियाने हा देश बळकावला तेव्हा अंतर्गत बाब म्हणून आसियानने तोंड मिटून घेतले होते. त्याचे पंतप्रधान झनाना गुस्माव यांनी जकार्ताच्या तुरुंगात वर्षे काढली आहेत. 2011 पासून अर्ज करून बसलेला हा देश आता त्याच जकार्ताच्या शेजारी खुर्ची टाकून बसला आहे.