पिरोश्का

पिरोश्का हे हंगेरियन भाषेतले स्त्रीनाम आहे. हंगेरीत त्याचा अर्थ विचारला, तर उत्तर बहुधा 'लाल' असे येते. कारण तिथे 'पिरोश' म्हणजे लाल आणि 'का' हा लाडाचा प्रत्यय. नावाचे मूळ मात्र लाल रंगात नाही. ते 'प्रिस्का' या लॅटिन नावात आहे. त्याचा अर्थ 'पुरातन', आणि रोममधल्या एका आद्य ख्रिस्ती संत स्त्रीचे ते नाव.

जुन्या हंगेरियन भाषेला शब्दाच्या आरंभी जोडाक्षर चालत नसे. राजाला असलेल्या 'क्राल' या स्लाव्ह शब्दाचे तिथे 'किराय' झाले. आपल्याकडे प्रसादाचा 'परसाद' होतो, किंवा पोर्तुगीजांकडून आलेल्या शब्दाचा 'किरिस्ताव' झाला, त्यातलाच हा प्रकार. शिवाय हंगेरीत लॅटिनमधला 'स' हा 'श' असा उच्चारत. त्यामुळे प्रिस्काचे 'पिरिश्का' झाले आणि पुढे 'पिरोश'च्या ओढीने 'पिरोश्का'. लोकांनी मानलेल्या अर्थाने नावाचे रूपच बदलले. म्हणून 'लाल' हा अर्थ चुकीचा म्हणून खोडून टाकणे योग्य वाटत नाही. तो मागाहून आला, पण आता नावाचाच झाला आहे.

हा लाल कोणता, हेही पाहायला हवे. हंगेरियनमध्ये लाल रंगाला दोन शब्द आहेत. 'वॅरॅश' हा शब्द 'वेर' म्हणजे रक्त यापासून आलेला. तांबडी वाइन आणि तांबडे केस यांना तो लावतात. सफरचंद, गाल आणि राष्ट्रध्वजातला लाल पट्टा 'पिरोश' असतो. 'पिरोश'च्या कुळातली क्रियापदे लाजून लाल होणे आणि कांदा तांबूस होईपर्यंत परतणे यांसाठी वापरतात. नावातली लाली ही अशी, गालांवरची आणि पिकल्या फळाची.

रोमन लिपीत हे नाव पी, आय, आर, ओ, एस, के, ए असे लिहितात. ते पाहून मराठी माणूस 'पिरोस्का' वाचतो. पण हंगेरियन लेखनात एकटा 'एस' म्हणजे 'श', आणि 'स'साठी 'एसझेड' ही जोडी; पोलिश भाषेत बरोबर याच्या उलट. आपण 'बुडापेस्ट' म्हणतो त्या शहराच्या नावातही हंगेरियन माणूस 'श'च उच्चारतो. शेवटचा ऱ्हस्व 'ए' आपल्या 'ऑ'च्या जवळ जातो, त्यामुळे नेमका उच्चार 'पिरोश्कॉ'. 'ओ' आखूड आणि आघात पहिल्या अक्षरावर. मराठीत 'पिरोश्का' लिहिणे पुरेसे आहे, 'श' मात्र सोडू नये.

या नावाची सर्वांत प्रसिद्ध स्त्री म्हणजे हंगेरीचा राजा संत लास्लो (राज्यकाळ १०७७–१०९५) याची मुलगी. लहानपणीच पोरकी झालेल्या या राजकन्येचा विवाह बायझंटाइन घराण्यातल्या योहान्नेस कोम्नेनोसशी झाला. तो पुढे सम्राट झाला. तिकडे तिला 'इरीनी' म्हणजे 'शांती' हे ग्रीक नाव मिळाले. कॉन्स्टँटिनोपलमधल्या पँटोक्रेटर मठाच्या उभारणीत तिचा मोठा वाटा होता. या मठाला ५० खाटांचे रुग्णालय जोडलेले होते. ११३४ मध्ये ती वारली. ऑर्थोडॉक्स चर्च तिला संत मानते. त्याच शहरातल्या हागिया सोफिया या जुन्या भव्य चर्चच्या दक्षिण सज्जातल्या कुट्टिमचित्रात, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रात (मोझेइक), ती पतीसोबत उभी आहे. चित्रातल्या तिच्या लांब वेण्या फिकट आहेत आणि गालांवर लाली दिसते.

लाल टोपी घातलेली मुलगी आणि लांडगा यांची गोष्ट हंगेरियन मुले 'पिरोश्का आणि लांडगा' या नावाने ऐकतात. हंगेरीत प्रत्येक नावाचा वर्षातला एक ठरलेला दिवस, म्हणजे नामदिवस असतो. पिरोश्काचा नामदिवस १८ जानेवारी, म्हणजे संत प्रिस्काचा सण. त्या दिवशी गोठवणारी थंडी पडली, तर ती चाळीस दिवस हटत नाही, अशी शेतकऱ्यांत म्हण आहे.

आज हे नाव मुख्यतः आजीच्या पिढीत आढळते. घरात त्याचे 'पिरी' होते आणि शेजारपाजारची मुले 'पिरी नेनी' म्हणतात. 'नेनी' म्हणजे आपली काकू किंवा मावशी, आणि मराठीसारखीच ती नावाच्या मागून येते.