निफाडची थंडी आणि गव्हाचा दाणा

निफाडचा पारा घसरला की राज्यभर बातमी होते आणि द्राक्ष बागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. शेजारचा गहू मात्र त्याच थंडीवर पोसतो. इथल्या कृषी संशोधन केंद्राने ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’, ‘फुले समाधान’ यांसारखे गव्हाचे वाण दिले, ते याच हवेत.

फुलोरा सरला की ओंबीत दाणा भरू लागतो. आधी पाणचट, मग चिकाचा, मग घट्ट. यासाठी किती दिवस मिळणार हे ऊब ठरवते. पिकाच्या वाढीचा हिशोब संगणकावर मांडणारं गणित म्हणजे पीक-प्रारूप. त्यात रोजचं सरासरी तापमान बेरजेत टाकत जातात. समजा, दाणा भरायला ६०० अंशांची बेरीज लागते. सरासरी २० अंश असेल तर ३० दिवस मिळतात, २४ असेल तर २५च. दाण्यात दिवसाला १.३ मिलिग्रॅम भर पडली, तर ३९ मिलिग्रॅमचा दाणा साडेबत्तिसावर येतो. उष्णतेने भरण्याचा वेग थोडा वाढतो खरा, पण गेलेले दिवस त्यातून भरून निघत नाहीत. पारा तिशीपार गेला की स्टार्च बनवणारं विकरच (एन्झाइम) मंदावतं आणि दाणा चिमतो.

दुसरीकडे हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय. १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू झाली तेव्हा तो दहा लाखांत सुमारे ३१५ भाग होता, आता ४२०च्या वर आहे. गव्हाचं प्रकाशसंश्लेषण त्याने वाढतं. ज्वारी-बाजरीला हा फायदा फारसा मिळत नाही, कारण त्यांच्या पानांत हा वायू एकवटण्याची सोय आधीच असते.

मग उष्णतेचं नुकसान या वायूने भरून निघेल का? नुसत्या बेरीज-वजाबाकीने याचं उत्तर मिळत नाही. वायू मुबलक असला की पानं आपली रंध्रं, म्हणजे हवा-बाष्पाची बारीक छिद्रं, थोडी मिटतात. पाणी वाचतं, पण बाष्प कमी निघाल्याने पान जास्त तापतं. म्हणून प्रारूप ऊन, पाणी, तापमान आणि वायू यांचा हिशोब दिवसागणिक एकत्र मांडतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३० प्रारूपांच्या अभ्यासात, तापमान एका अंशाने वाढलं तर जगाचं गव्हाचं उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटेल, असं दिसलं. शिवाय जादा वायूत वाढलेल्या गव्हात प्रथिनं, जस्त आणि लोह कमी भरतात. पोळी खाणाऱ्या घरांसाठी मला हे उत्पादनाइतकंच गंभीर वाटतं.

आपल्याकडे सोयाबीन-मका निघायला उशीर झाला की गव्हाची पेरणी डिसेंबरात जाते आणि दाणा मार्चच्या उन्हात सापडतो. २०२२चा मार्च देशात १९०१पासूनचा सर्वांत उष्ण ठरला होता. प्रारूपात पेरणीची तारीख मागेपुढे सरकवून, वाण बदलून, चिकाचे दिवस उन्हातून किती वाचतात हे पेरणीआधीच पाहता येतं.