मेम्ब्रेन चोक होण्याआधी कळावे कसे?

कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावात जमिनीखालचे पाणी मचूळ, त्यामुळे पिण्याचे पाणी रेल्वेच्या टाक्यांतून यायचे. १९६५ मध्ये तिथे आरओचा, म्हणजे दाबाने पाणी पातळ पडद्यातून (मेम्ब्रेनमधून) ढकलून मीठ अडवण्याचा, पहिला व्यावसायिक प्रकल्प सुरू झाला. सिडनी लोएब आणि मूळचे भारतीय श्रीनिवास सौरिराजन यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात घडवलेली सेल्युलोज अ‍ॅसिटेटची मेम्ब्रेन त्यात होती. मीठ अडू लागले आणि त्यासोबत अडलेला गाळ, क्षार, सेंद्रिय मळ मेम्ब्रेनवर साचू लागला.

माझ्या मते खरी कलाटणी १९७० च्या दशकात, जॉन कॅडोट यांच्या पॉलिअमाइड मेम्ब्रेनने दिली. दाब कमी लागायचा, मीठ जास्त अडायचे. पण क्लोरीन तिला सोसत नाही. म्हणून मेम्ब्रेनच्या तोंडाशी क्लोरीन काढून टाकावे लागते, आणि नेमके तिथेच जिवाणूंना रान मोकळे मिळते. त्यांचा बुळबुळीत थर आजही सगळ्यात चिवट शत्रू आहे.

पाण्याची आगाऊ परीक्षा म्हणून एसडीआय (पाण्यातल्या गाळाचा निर्देशांक) चाचणी रूढ झाली: ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून ठरावीक दाबाने पाणी सोडायचे आणि साधारण १५ मिनिटांत तो किती तुंबतो ते पाहायचे. आकडा ५ च्या आत, शक्यतो ३ च्या खाली हवा. पण त्याहून बारीक कण यातून निसटतात, आणि कण दुप्पट झाले म्हणून आकडा दुप्पट होत नाही. ही दुसरी त्रुटी भरून काढायला १९८० मध्ये नेदरलँड्सच्या शिपर्स आणि व्हर्डाऊ यांनी एमएफआय हा कणांच्या प्रमाणात वाढणारा सुधारित निर्देशांक मांडला.

एवढे करूनही प्लांटवर घोळ होतोच, तो तापमानामुळे. पाणी एक अंशाने थंड झाले की गोड्या पाण्याचे उत्पादन सुमारे ३ टक्क्यांनी घटते. १० अंशांचा फरक म्हणजे जवळजवळ पाव उत्पादन गेले, मेम्ब्रेन स्वच्छ असली तरी. उन्हाळ्यात उलटे: पाणी तापते, उत्पादन टिकून दिसते आणि साचणारा थर झाकला जातो. म्हणून तापमान, दाब, क्षारता यांचा हिशेब करून आकडे एका पातळीवर आणायची पद्धत आली. असे दुरुस्त केलेले उत्पादन १० ते १५ टक्के घसरले, किंवा डीपी (पाणी आत शिरताना आणि बाहेर पडताना असलेल्या दाबातला फरक) तेवढाच वाढला, की सीआयपी, म्हणजे मेम्ब्रेन जागेवरच रसायनाने धुणे, करायचे. उशीर झाला तर थर दाबून घट्ट बसतो आणि रसायनाला दाद देत नाही. फार वारंवार धुतली तर मेम्ब्रेनच झिजते. देखभालीचे वेळापत्रक आखणे अवघड का, ते इथे कळते. कॅलेंडर पाहून धुणे दोन्हीकडून महाग पडते.

१९९० च्या दशकात फ्रान्समधल्या संशोधकांनी अल्ट्राफिल्ट्रेशनच्या (आरओपेक्षा मोठ्या छिद्रांच्या मेम्ब्रेनने गाळण्याच्या) फाउलिंगचा, म्हणजे मळ साचून तुंबण्याचा, अंदाज घ्यायला न्यूरल नेटवर्क (जुन्या नोंदींवरून शिकणारा संगणकीय प्रोग्राम) वापरून पाहिले. आजची मॉडेल्स त्याच वाटेने पुढे गेली आहेत. मात्र ती शिकतात प्लांटच्या जुन्या नोंदींवरून; नोंदींत कधी न आलेले संकट त्यांना आधी कळत नाही. २००८-०९ मध्ये ओमान आणि संयुक्त अरब अमिरातीच्या किनाऱ्यावर सूक्ष्म शेवाळाचा प्रचंड बहर आला आणि खारे पाणी गोडे करणारे काही प्रकल्प बंद ठेवावे लागले. तेव्हापासून आखातात प्लांटमधल्या सेन्सरइतकीच नजर समुद्रावरही असते. पाण्यातला क्लोरोफिल उपग्रहावरून पाहिला जातो.