फेअरफॅक्स काउंटी सरकार (व्हर्जिनिया): कारभार, सेवा आणि कार्यक्रम

फेअरफॅक्स काउंटी म्हणजे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या उत्तर भागातली, वॉशिंग्टन डीसीजवळ पोटोमॅक नदीकाठी पसरलेली काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा राज्यातला भाग. १७४२ मध्ये प्रिन्स विल्यम काउंटीतून ती वेगळी काढली, जॉर्ज वॉशिंग्टनचं घर माउंट व्हर्नन इथलंच. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ११,५०,३०९ भरली, म्हणजे राज्यात सगळ्यात जास्त लोक या एका काउंटीत राहतात. हर्नडन, रेस्टन, शँटिली, सेंटरव्हिल या पट्ट्यात भारतीय वस्ती भरपूर, मराठी घरंही बरीच, आणि ही नोंद मुख्यतः तिथे नव्याने आलेल्या किंवा येऊ घातलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, कारण आपल्याकडे नगरपालिका-महापालिकेची सवय असते आणि इथे बहुतेकांच्या डोक्यावर महापालिका नसतेच, जे काय आहे ते काउंटी.

व्हर्जिनियात ९५ काउंट्या आणि ३८ स्वतंत्र शहरं आहेत आणि स्वतंत्र शहर हे कुठल्याच काउंटीत मोडत नाही. त्यामुळे फेअरफॅक्स सिटी चारही बाजूंनी फेअरफॅक्स काउंटीने वेढलेली असूनही १९६१ पासून वेगळी आहे, फॉल्स चर्च तर १९४८ पासूनच. काउंटीच्या आत स्वतःचं टाउन कौन्सिल असलेली गावं फक्त तीन, हर्नडन, व्हिएन्ना आणि क्लिफ्टन, बाकी रेस्टन असो की बर्क की अ‍ॅनंडेल, सगळं थेट काउंटीच्या कारभाराखाली. पोस्टाच्या पत्त्यावर विसंबू नका, पत्त्यात अलेक्झांड्रिया किंवा फॉल्स चर्च लिहिलेली हजारो घरं प्रत्यक्षात फेअरफॅक्स काउंटीत आहेत, तेव्हा टॅक्स कुणाला भरायचा आणि मत कुठे द्यायचं हे नकाशावर बघूनच ठरतं.

कारभार बोर्ड ऑफ सुपरवायझर्सकडे असतो. एकूण दहा जण, नऊ जिल्ह्यांतून प्रत्येकी एक (ब्रॅडॉक, ड्रेन्सव्हिल, फ्रँकोनिया, हंटर मिल, मेसन, माउंट व्हर्नन, प्रॉव्हिडन्स, स्प्रिंगफील्ड, सली) आणि अध्यक्ष सगळ्या काउंटीतून निवडलेला, २०२० पासून हे पद जेफ मॅके यांच्याकडे आहे. मुदत चार वर्षांची, निवडणुका २०१९, २०२३ अशा वर्षांत, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या आदल्या वर्षी येतात आणि त्यामुळे मतदान कमी होतं, हे खरंच वाईट आहे कारण रोजच्या जगण्यावर या दहा जणांचा परिणाम वॉशिंग्टनपेक्षा जास्त होतो. बोर्ड धोरण ठरवतं आणि प्रत्यक्ष प्रशासन बोर्डाने नेमलेला काउंटी एक्झिक्युटिव्ह चालवतो, आपल्या आयुक्तासारखा, फक्त त्याची नेमणूक राज्य सरकार करत नाही.

आता राज्याचा विषय निघालाच आहे तर डिलन रूल समजून घ्या, कारण त्याशिवाय इथलं अर्धं राजकारण कळत नाही. राज्याने जेवढे अधिकार स्पष्टपणे दिले तेवढेच काउंटीला, त्याच्या पलीकडे काही करायचं तर राज्याची राजधानी रिचमंडला जाऊन विधिमंडळाकडून परवानगी आणायची. हॉटेलातल्या जेवणावरचा टॅक्स हे याचं बरं उदाहरण. शहरांना तो लावायला लोकांना विचारावं लागत नव्हतं, काउंट्यांना मात्र रेफरेंडम म्हणजे जनमत घ्यावं लागायचं, आणि २०१६ मध्ये फेअरफॅक्सच्या मतदारांनी चक्क नाही म्हटलं. नंतर २०२० मध्ये राज्याने कायदा बदलला, रेफरेंडमची अट गेली, आणि मग २०२५ च्या मे महिन्यात बोर्डाने ४ टक्के टॅक्स मंजूर केला जो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. प्लास्टिकच्या पिशवीवरचे ५ सेंटही तसेच, राज्याने मुभा दिली म्हणून काउंटीने २०२२ पासून लावले.

रस्त्यांची गोष्ट तर नवीन माणसाला पटतच नाही. खड्डा पडला, बर्फ साचला, सिग्नल बिघडला की लोक काउंटीला फोन करतात आणि काउंटी सांगते की रस्ता आमचा नाही. ते खरं असतं. १९३२ च्या बर्ड रोड अ‍ॅक्टने व्हर्जिनियातल्या काउंट्यांचे रस्ते राज्याने ताब्यात घेतले, आर्लिंग्टन आणि हेन्रायको एवढ्या दोनच आज बाहेर आहेत, त्यामुळे फेअरफॅक्समध्ये वस्तीतल्या गल्लीपर्यंतचा बहुतेक रस्ता व्हीडॉट म्हणजे राज्याच्या वाहतूक खात्याचा. टाउनहाउसच्या वसाहतीतला रस्ता मात्र बहुधा एचओएचा, म्हणजे तिथल्या घरमालकांच्या संस्थेचा असतो आणि तिथला बर्फ एचओएनेच काढायचा. तक्रार योग्य जागी गेली तर काम होतं, नाहीतर तीन ठिकाणी फिरून आपण तिथेच.

पैसा कुठून येतो? मुख्यतः घरांवरच्या टॅक्समधून. दरवर्षी साधारण फेब्रुवारीत घराची नवीन असेसमेंट, म्हणजे काउंटीने ठरवलेली किंमत, टपालाने येते, त्या किमतीच्या दर १०० डॉलरमागे टॅक्स ठरतो, अलीकडे हा दर १ डॉलर १२ सेंटच्या आसपास आहे, आणि भरणा दोन हप्त्यांत, २८ जुलै आणि ५ डिसेंबर. असेसमेंट जास्त वाटली तर अपील करता येतं, शेजारच्या तशाच घरांच्या विक्रीच्या किमती जोडा, मुदत मात्र वसंतातच संपते. भाड्याने राहणाऱ्यांना वाटतं आपला यात संबंध नाही, पण गाडी असली की संबंध आलाच, काउंटीत राहायला आल्यावर ६० दिवसांत गाडीची नोंद करायची आणि ५ ऑक्टोबरपर्यंत कार टॅक्स भरायचा. टेक्सस किंवा न्यू जर्सीतून आलेल्यांना असला टॅक्स माहीतच नसतो आणि पहिलं बिल बघून धक्का बसतो.

जनरल फंडातला, म्हणजे काउंटीच्या मुख्य निधीतला, निम्म्याहून जास्त पैसा शाळांकडे जातो. इथली शाळा व्यवस्था सुमारे १ लाख ८० हजार मुलांची, स्कूल बोर्ड वेगळं निवडून येतं, १२ सदस्यांचं, पण त्याला टॅक्स लावायचा अधिकार नाही म्हणून दरवर्षी शाळा मागतात आणि सुपरवायझर्स किती द्यायचं ते ठरवतात, ही ओढाताण ठरलेली. २०२२-२३ पासून शाळेच्या कॅलेंडरमध्ये दिवाळीची सुट्टी आली, ती आपोआप नाही आली, वेगवेगळ्या धर्मांच्या पालकांनी आपल्या सणांसाठी मीटिंगांना जाऊन, बोलून, पत्रं लिहून ती मागणी लावून धरली होती.

आणि इथेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. एच-वन किंवा ग्रीन कार्डवरच्या माणसाला मत देता येत नाही पण बोलता येतं. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, फेब्रुवारीत काउंटी एक्झिक्युटिव्ह बजेट मांडतो, त्यानंतर बोर्ड टॅक्सचा कमाल दर जाहीर करतं (एकदा जाहीर केला की शेवटी ठरणारा दर त्याच्याखाली येऊ शकतो, वर जाऊ शकत नाही), एप्रिलमध्ये जाहीर सुनावणी होते आणि मेच्या सुरुवातीला बजेट पक्कं होतं. सुनावणीला आधी नाव नोंदवलं की कुठल्याही रहिवाशाला तीन मिनिटं मिळतात. गव्हर्नमेंट सेंटरमध्ये उभं राहून बोलायचं किंवा लेखी पाठवायचं. टॅक्स भरतोच आहोत, तर लायब्ररीचे तास कमी होऊ नयेत, बसचा रूट बंद होऊ नये हे सांगायला तिथे जायलाच हवं, आणि आपली माणसं तिथे फार कमी दिसतात. मीटिंग घरबसल्या चॅनल १६ वर दिसते, ती सुद्धा सुरुवात म्हणून चांगली.

कचऱ्याचं थोडक्यात. बहुतेक घरांचा कचरा खाजगी कंपन्या नेतात, काउंटीच्या गाड्या फक्त ठरलेल्या सॅनिटरी डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे काउंटीने कचरा उचलण्यासाठी आखलेल्या भागांत येतात, तेव्हा आपला कचरावाला कोण ते आधी बघा. जुना सोफा, रंगाचे डबे, बिघडलेले टीव्ही वगैरे वेस्ट ऑक्स रोडच्या किंवा लॉर्टनच्या केंद्रावर नेता येतं. काच घरच्या रिसायकलिंगच्या डब्यात टाकायची नाही, त्यासाठी ठिकठिकाणी मोठे जांभळे कंटेनर ठेवले आहेत.

पोलीस, फायर, आरोग्य, मानसिक आरोग्याचं कम्युनिटी सर्व्हिसेस बोर्ड, १९८५ पासूनची फेअरफॅक्स कनेक्टर बस हे सगळं काउंटीचं. फायर खात्याचं व्हर्जिनिया टास्क फोर्स १ हे पथक तर भूकंपाच्या जागी मदतीला जगभर जातं, २०१५ मध्ये नेपाळला आणि २०२३ मध्ये तुर्कस्तानला गेलं होतं. पण रोजच्या वापरात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे लायब्ररी. कार्ड फुकट, लहान मुलांचे स्टोरी टाइम, इंग्रजी बोलायचा सराव करायचे गट, बसून काम करायला जागा. मुलांकडे काही महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांचा वेळ जात नाही ही घराघरातली तक्रार असते, त्यांना जवळच्या शाखेत नेऊन बघा, तिथे त्यांच्यासारखेच चीनचे, कोरियाचे, इराणचे आजी-आजोबा भेटतात.

बागा पार्क अथॉरिटीकडे, तिची स्थापना १९५० ची, आज चारशेहून जास्त पार्क आणि २३ हजार एकरांवर जमीन तिच्याकडे आहे. उन्हाळ्यात पार्कांमध्ये फुकट संगीताचे कार्यक्रम असतात, चटई घेऊन जायचं आणि बसायचं. फार्मर्स मार्केटमध्ये फक्त १२५ मैलांच्या आतले आणि स्वतः पिकवणारे किंवा स्वतः बनवणारेच विकू शकतात, मधला व्यापारी चालत नाही, त्यामुळे टोमॅटो महाग असला तरी तो टोमॅटो असतो. बर्क लेकला मुलांची छोटी ट्रेन आहे. हर्नडनच्या फ्राइंग पॅन फार्म पार्कमध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला फोर-एच या मुलांच्या संस्थेची जत्रा, फोर-एच फेअर, भरते, शेतकऱ्यांची नि शाळकरी पोरांची जनावरं, ट्रॅक्टर, पाळणे, आणि हे सगळं डलेस एअरपोर्टच्या जवळ, एकेकाळी ही सगळी काउंटी दुधाच्या गोठ्यांची होती त्याची आठवण तिथे अजून जिवंत ठेवली आहे.

बातम्यांसाठी काउंटीचं न्यूजसेंटर आहे, पण खरी गरजेची सेवा म्हणजे फेअरफॅक्स अलर्ट्स. एकदा नाव नोंदवलं की वादळ, पूर, बंद रस्ते, मेट्रोचा खोळंबा असले मेसेज फोनवर येतात, कुठले हवेत ते आपण निवडायचं, घर, ऑफिस आणि शाळा असे वेगवेगळे पत्ते टाकता येतात. फार उष्मा झाला की लायब्ररी आणि रेक सेंटर (खेळ-व्यायामाची केंद्रं) थंडाव्यासाठी उघडे असतात, घरातला एसी बंद पडला तर म्हाताऱ्या माणसांना सरळ तिथे न्यावं.